पूजा झालेली छकडी

धुरकऱ्यांसाठी शिस्तीचे नियम मी लिहिले. एकूण एकोणीस. लातूरकडच्या दोन समित्यांनी त्यांची जशीच्या तशी नक्कल केली आहे असं ऐकतो. परवा बसस्टँडवर एका ओळखीच्यानं हात धरून अभिनंदन केलं. मी हो हो म्हणालो आणि चहाला थांबा म्हणत असतानाच सटकलो.

खरं तर मला शंकरपटातलं, म्हणजे बैलांच्या शर्यतीतलं, ओ की ठो कळत नाही. मी कधी बैल हाकलेला नाही. छकडी म्हणजे शर्यतीची हलकी दोनचाकी गाडी, मधे एक दांडी, दोन बाजूंना दोन बैल आणि मागं एका माणसापुरती जागा, हेसुद्धा नियम लिहायला बसलो तेव्हा कळलं. ती हाकणारा तो धुरकरी. बैल मालकाचे, छकडी मालकाची, जिंकलेली ढाल मालकाच्या बैठकीत. हाडं मोडली तर तेवढी धुरकऱ्याची. पण मी तहसिलात चौतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, आणि माझा मसुदा वरून कधी परत आला नाही या गोष्टीचा मला माज होता. अभिमान हा शब्द फार सोवळा आहे, माजच होता.

पटावरची बंदी उठली तेव्हा भोकरात दिवाळी झाली. परवानगी मात्र अटींवर होती. काठी नको, चाबूक नको, टोकाला आर ठोकलेली पराणी तर नकोच, बैलाची शेपटी पिरगाळायची नाही आणि चावायची नाही. शेपटी चावतात हे मला तेव्हा प्रथम समजलं आणि दोन दिवस माझं जेवणात मन लागलं नाही. या अटी पाळल्या जातील याची हमी म्हणून समितीनं स्वतःचे नियम करावेत असं ठरलं. समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब. सत्तर एकर रान, हळद, सोयाबीन, आणि दारात शर्यतीची जोडी. बाकीचे आठ जणही जोडीवाले मालकच. बैलाशिवाय समितीत बसलेला माणूस मी एकटा, तो चिटणीस म्हणून.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं होतं, "आप्पासाहेब, धुरकऱ्यांचा एखादा माणूस घ्यायचा का समितीत?"

"आवो कुलकर्णीसाहेब, नियम त्यायच्यासाठीच करून राहिलो ना आपण," आप्पासाहेब म्हणाले. "रोग्याला इचारून दवा देतेत का कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. उंटावरून शेळ्या हाकायची सवय आमच्या खात्यात सगळ्यांनाच असते, मला काही वेगळं वाटलं नाही.

नियम सात असा: शर्यतीच्या दिवशी छकडीत, जोखडावर अथवा धुरकऱ्याच्या अंगावर बैलास इजा करणारी कोणतीही वस्तू आढळल्यास ती धुरकऱ्याचीच समजण्यात येईल व त्यास आजन्म बंदी करण्यात येईल. नियम बारा असा: सबळ कारणाशिवाय जोडी निशाणाआधी थांबविल्यास ती फितुरी समजून धुरकऱ्यास तीन वर्षे बंदी. 'समजण्यात येईल' हे आमचं लाडकं वाक्य. ज्याला पुरावा मिळत नाही ते समजण्यात येतं.

मसुदा अजून कच्चा असताना एका सकाळी वैजनाथ माझ्या घरी आला. तो आप्पासाहेबांचा धुरकरी. चव्वेचाळीस वर्षांचा, काटक, बोलायला बेताचा. दोन एकर कोरडवाहू, बाकी सगळा दिवस आप्पासाहेबांच्या गोठ्यात. त्यांच्या जोडीतला वजीर नावाचा लालकंधारी बैल त्यानं वासरापासून वाढवलेला. काठीवर बंदी नव्हती तेव्हाही वैजनाथ काठी घेत नसे, असं लोक सांगत. वजीरच्या पाठीवर तळवा ठेवून तो नुसता बोलायचा, आणि बैल पळायचा.

मी खुर्चीवर बस म्हणालो तरी तो पायरीवरच बसला. माझी बायको चंद्रप्रभा हिनं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला.

"सायेब, एक अरज हाय. नियमात एक वळ वाढवा."

"कोणती?"

"पूजेनंतर छकडी तपासायचा हक धुरकऱ्याला ऱ्हाईल म्हणून."

मला उमजेना. मग त्यानं सांगितलं. पटाच्या दिवशी सकाळी जनावरांचे डॉक्टर येतात, बैल आणि छकडी तपासतात. मग शेवटच्या धावेआधी मालकीण येते. बैलांना ओवाळते, कुंकू लावते, छकडीच्या पुढच्या आडव्या लाकडाला झेंडूचा हार बांधते, नारळ फोडते. त्या घटकेपासून छकडीला कुणी हात लावायचा नाही. धुरकऱ्यानं नमस्कार करायचा आणि थेट चढायचं. हार उचलून खाली पाहिलं तर मालकिणीच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होतं. असं एकदा कुणी केलं होतं म्हणे बिलोलीकडं, तर त्याला पुन्हा कुठल्याच मालकानं दारात उभं केलं नाही.

"डागतर बघून जातेत ते पूजेआधी," तो म्हणाला. "आन् तुमच्या नियमात छकडीतलं समदं माझ्या नावावर. मधल्या येळेचं काय?"

"तुझा कुणावर संशय आहे का?"

"न्हाई सायेब. संशय नस्ताना लिवून ठेवलेलं बरं. मागून लिवायला गेलं की नाव घ्यावं लागतं."

मी चष्मा काढून पुसला. त्याचं म्हणणं मला पुरतं कळलं होतं, हे इथं कबूल करतो. पण ती ओळ घातली असती तर नऊच्या नऊ मालकांच्या बायकांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं आणि माझा मसुदा पहिल्यांदा परत आला असता.

"वैजनाथ, नियमात देवाधर्माला हात घातला की भांडणं लागतात," मी म्हणालो. "पण बघतो."

सरकारी माणसाचं 'बघतो' म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं चहा संपवला, कप नळाखाली विसळून पायरीवर उपडा घातला आणि गेला.

"अहो, बरोबर बोलत होता की तो," चंद्रप्रभा म्हणाली.

"बरोबर असणं वेगळं आणि मसुद्यात बसणं वेगळं."

"मग मसुदा मोठा करा."

मी पेपर उघडला. तिच्याशी वाद घालायचा नसला की मी पेपर उघडतो, चाळीस वर्षं हेच चाललं आहे.

माघात गावाबाहेरच्या माळावर पट भरला. गुरुवार होता. मोटारी, टेम्पो, रसवंत्या, भजी. पंचक्रोशीच काय, उदगीर-निलंग्याहून जोड्या आल्या होत्या. सकाळी डॉक्टरांनी सगळी जनावरं पाहिली, सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं. दुपारी शेवटची धाव लागली ती आप्पासाहेबांची जोडी आणि निलंग्याची जोडी यांच्यात. निलंग्याचा धुरकरी विरूपाक्ष म्हणून होता, दांडगा, कानात बाळी.

आप्पासाहेबांच्या घरून साखराबाई जरीचं लुगडं नेसून आल्या. त्यांनी वजीरला ओवाळलं, त्याच्या जोडीदाराला ओवाळलं. बैलांच्या पुठ्ठ्यांवर कुंकवाचे पंजे उमटवले. मग छकडीच्या पुढच्या लाकडाला मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बांधला. बांधायला आप्पासाहेबांनी स्वतः मदत केली, नारळ फोडायचा दगडही त्यांच्याच हातात होता. मी दहा पावलांवर उभा होतो. नवराबायकोनं मिळून पूजा केलेली पाहून मला बरंच वाटलं. साखराबाईंना त्या हाराखालचं माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

वैजनाथ आला. त्यानं हात जोडले. हाराकडं जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटतं, पण हे नंतर सुचलेलंही असेल. हात मात्र लावला नाही. चढला आणि कासरा धरला.

मी निशाणाजवळच्या टेबलाशी जाऊन बसलो. झेंडी पडली. धुळीतून दोन्ही जोड्या निघाल्या आणि अर्ध्या वाटेवरच वैजनाथची जोडी पुढं झाली. वजीरची एक खोड सगळ्यांना माहीत होती, शेवटच्या टप्प्यात तो जरा ढिला पडायचा. वैजनाथ तेव्हा त्याला बोलून बोलून काढायचा. त्या दिवशी वजीर ढिला पडला आणि पुढच्याच क्षणी असा उधळला की माणसं दोराच्या मागं सरली. तोंडातून आवाज निघाला त्याच्या. बैल असा ओरडतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. छकडी डावीकडं कलली. वैजनाथ खाली पाहत होता, समोर नाही. मग त्यानं कासरा छातीशी घेतला, पाय रोवले, अंग मागं टाकलं, आणि जिंकत आलेली जोडी निशाणापासून तीस पावलांवर थांबवली. विरूपाक्ष शेजारून निघून गेला.

सगळ्या माळावर शिव्या सुरू झाल्या. जोडी थांबली की कारणाची नोंद करणं चिटणीसाचं काम, म्हणून मी वही घेऊन धावलो. वैजनाथ खाली उतरून वजीरची वेसण धरून उभा होता, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. हार तुटून लोंबत होता. त्याच्याखाली लाकडातून एक खिळा पुढं आला होता, बोटाची दोन पेरं लांब. बैल ढिला पडला की छकडी त्याच्या अंगावर सरकते आणि खिळा मांडीत जातो, इतकी साधी युक्ती. वजीर तांबडा, त्यावर पूजेचं कुंकू, रक्त दिसत नव्हतं. वैजनाथनं माझा हात धरला आणि बैलाच्या मांडीवर ठेवला. हात ओला झाला.

"बघितलं ना, सायेब?"

मी मान हलवली.

"मंग झालं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. मी आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं त्याला वाटलं असणार.

तेवढ्यात आप्पासाहेब आले, मागं त्यांचे चार गडी. "काय झालं? रगत? कुंकू हाय ते पूजेचं," ते म्हणाले, आणि गड्यांनी बैल सोडून टेम्पोत चढवले, छकडी दुसऱ्या टेम्पोत घातली. पाच मिनिटांत जागा मोकळी झाली. माझ्या वहीत मी लिहिलं होतं, 'जोडी थांबली.' पुढं कारणाची जागा कोरी होती. मी माझा हात धोतराला पुसला होता, हेही मला घरी गेल्यावर चंद्रप्रभेनं डाग दाखवला तेव्हा कळलं.

रविवारी समितीपुढं सुनावणी ठेवली. मधल्या दोन दिवसांत गावभर एकच गोष्ट झाली होती, वैजनाथ निलंगेकरांना फितूर झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कालपर्यंत त्याला खांद्यावर घेणारे लोक त्याच्या घरावरून जाताना थुंकून जात. आप्पासाहेबांनी त्याला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही.

समितीच्या खोलीत नऊ खुर्च्या, एक टेबल आणि टेबलाच्या कडेला मी. वैजनाथ दारापाशी उभा. विरूपाक्षलाही बोलावलं होतं, तो मोटारसायकलवर इतक्या लांबून आला होता.

"नियम बारा," आप्पासाहेबांनी सुरुवात केली. "जोडी थांबवली. कबूल?"

"थांबवली मालक. खिळा होता."

"विरूपाक्ष, तुझं काय?"

"हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही," विरूपाक्ष म्हणाला. "मी शेजारी होतो. बैल कसा ओरडला ते मी ऐकलो. बैल उगीच ओरडतंय का? मी असतो तर थांबवलो नसतो, खोटं कशाला बोलू. ढाल घेतलो असतो. पण हा फितूर नाही."

"तुला ढाल भेटली, तू त्याचंच गुण गाणार," कुणीतरी म्हणालं, आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं.

आप्पासाहेब वैजनाथकडं वळले. आवाज अगदी प्रेमाचा. "बघ वैजनाथ, मी तुझं वाईट चिंतत न्हाई. खिळा नव्हता म्हन, नियम बारा लागतो, तीन वर्सं. खिळा होता म्हनशील तर छकडी कुनाच्या हातात होती? तुझ्या. नियम सात. जिंदगीभर बंद. मी न्हाई, कागद म्हनतोय."

इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही खणलेली माझीच. मी टेबलाच्या लाकडाकडं पाहत होतो.

"कुलकर्णीसाहेब," आप्पासाहेब म्हणाले, "तुम्ही जवळ गेला होतात. तुम्हाला दिसला का खिळा?"

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, कारण त्याची मला जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही. मी स्वतःला म्हणालो, खिळा होता म्हणालो तर हा बिचारा जन्मातून उठेल. नाही म्हणालो तर तीन वर्षांवर सुटेल. म्हणजे नाही म्हणण्यातच त्याचं भलं आहे. भेकड माणसाला दया फार लवकर सुचते. खिळा होता आणि तो पूजेच्या वेळी हाराखाली ठोकला गेला, हे तिसरं वाक्य मला येत होतं, पण त्यासाठी ज्यांच्याकडं पाहून बोलावं लागलं असतं ते समोर बसले होते.

"मला काही दिसलं नाही," मी म्हणालो.

वैजनाथ माझ्याकडं पाहत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सायेब, हात ठिवला व्हता तुमचा," तो म्हणाला.

मी पेनाचं टोपण लावलं.

"मी तीन वर्सं वाचवाया न्हाई आलो. काल गोठ्याच्या भिताडावरून बघितलं. वजीर पाय टेकीत न्हाई. मांडी सुजून हे एवढी झाली. माशा बसून राहिल्या. डागतर आनला न्हाई कुनी."

"हळद भरलीय, होईल बरा," आप्पासाहेब म्हणाले.

"हळदीचं काम न्हाई मालक ते. आत सडून राहिलंय." मग तो पुन्हा माझ्याकडं वळला. "सायेब, तुमच्या नियमात हाय ना, जखमी बैल डागतरला दाखवाच म्हणून?"

होता. नियम पंधरा. जखमेची नोंद झाल्यास चोवीस तासांत डॉक्टरांना दाखवणे मालकावर बंधनकारक. पण जखमेची नोंदच नव्हती, आणि डॉक्टर आणला तर तो विचारणार, जखम कशाची. म्हणून आप्पासाहेब आणत नव्हते. हे वैजनाथला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"नोंद झाली तर आणावा लागतो," मी कसाबसा म्हणालो.

वैजनाथ दारापासून टेबलाकडं आला. मग खिशातून त्यानं त्याचं धुरकऱ्याचं ओळखपत्र काढलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, आणि टेबलावर ठेवलं.

"मंग लिवा. खिळा होता. मी ठोकला."



"वैजनाथ, काय बोलतोस ते कळतंय का?" मी म्हणालो.

"कळतंय. नियम सात लावा. जिंदगीभर लावा. पन आज लिवा, आन् आज सांच्याला डागतर जाऊ द्या. मालकावर काही येत न्हाई आता. मी ठोकला म्हनल्यावर मालकानं कशाला भ्यायचं?"

आप्पासाहेबांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. खिळ्याचं गूढ सुटलं होतं, जखमेचं कारण मिळालं होतं, आणि समिती किती कडक आहे हेही वर कळवता येणार होतं. आठही मालकांनी माना हलवल्या. "लिहा, कुलकर्णीसाहेब," ते म्हणाले.

आणि मी लिहिलं. धुरकरी वैजनाथ याने स्वखुशीने कबूल केले की. स्वखुशीने हा शब्द मी स्वतःहून घातला, सवयीनं. त्यानं वाचून पाहिलं नाही. सही केली, आणि सही करताना फक्त एवढं विचारलं, "फोन आत्ताच करता ना, मालक?"

त्या संध्याकाळी डॉक्टर गेले. जखम फाडून धुतली, इंजेक्शनं दिली. आणखी दोन दिवस गेले असते तर बैल गेला असता, असं ते म्हणाल्याचं कानावर आलं. वजीर वाचला. पळणार नाही आता, पण चार पायांवर उभा आहे. आप्पासाहेबांनी दुसरा बैल घेतला आणि दुसरा धुरकरी ठेवला. आमचा ठराव मोबाईलवरून गावोगाव फिरला, खाली वैजनाथचा ओळखपत्रावरचा फोटो. मुक्या जनावराला न्याय देणारी समिती, असं त्याच्यावर कुणीतरी लिहिलं होतं. हे वाक्य वाचून मी मोबाईल पालथा घातला.

महिनाभरानं वैजनाथची मुलगी माझ्या दारात आली. तनुजा. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुलांनी तो फोटो तिला दाखवला होता, खाली हसण्याची चित्रं टाकून. चप्पल बाहेर काढून ती आत आली आणि उभीच राहिली. चंद्रप्रभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"काका, बाबांना विचारलं," तनुजा म्हणाली. "ते म्हणतात मीच ठोकला. माझ्याकडं न बघता म्हणतात. आमच्या घरात बैल आजारी पडला तर बाबा जेवत नाहीत. मला ते खरं वाटत नाही. तुम्ही सगळ्यात जवळ होतात म्हणून आले."

मी चंद्रप्रभेकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. तो डाग तिनंच धुतला होता.

"खिळा होता," मी म्हणालो. "तुझ्या वडलांनी ठोकलेला नव्हता. पूजेच्या वेळी हाराखाली ठोकला गेला. बैलाला डॉक्टर मिळावा म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

बोललो आणि मला हलकं वाटलं. इतकं की, मी चांगला माणूस आहे असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं. तनुजा खाली बसली. ओढणीनं डोळे पुसले, मग नाक पुसलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"मग एवढंच लिहून द्या, काका. दोन ओळी. आता तर वजीर बरा झाला, आता कुणाचं काही अडत नाही. मी बाबांना दाखवीन. बाकी कुणाला दाखवायचं ते बाबा म्हणतील तसं."

चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांसाठी लिहिलं त्याला दोन ओळी जड नव्हत्या. खिशाला पेन होतं. पण लिहायचं म्हणजे समितीपुढं मी खोटं बोललो हेही आपोआप लिहिलं जाणार होतं. खाली माझी सही येणार होती, आणि ती कधी ना कधी आप्पासाहेबांच्या बैठकीत वाचली जाणार होती.

"असं घाईनं लिहून चालत नाही," मी म्हणालो. "शब्द तोलून लिहावं लागतं. उद्या वापरायची वेळ आली तर टिकलं पाहिजे. तू असं कर, सोमवारी ये."

"सोमवारी नक्की?"

"नक्की."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागं घ्यायला हवे होते.

सोमवारी अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं, तीच होती, हातात प्लास्टिकची फाईल घेऊन आली होती कागद ठेवायला. मी आतल्या खोलीत गेलो आणि चंद्रप्रभेला हळूच म्हणालो, "सांग, नांदेडला मुलाकडं, वरदकडं गेलेत. कधी येतील सांगता येत नाही म्हणावं."

चंद्रप्रभेनं पीठ लागलेले हात धुतले, पदराला पुसले आणि दार उघडलं.

"ये बाळ, बस," ती म्हणाली. "ते घरातच आहेत. पण ते लिहून देणार नाहीत."